पाठीतली सुई आणि पडद्यावरचं चित्र

मागच्या महिन्यात गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळच्या भुलीबद्दल लिहिलं, आणि पत्रं आली त्यातली निम्मी गुडघ्याची नव्हतीच, पाठीच्या वरच्या भागातल्या इंजेक्शनची होती. कंबरेतलं इंजेक्शन आता घरोघरी माहीत झालंय, सिझर, हर्निया, गुडघा, कुणाला ना कुणाला दिलेलं असतंच. पण "दोन खांद्यांच्या मधे सुई घालणार" असं ऐकलं की माणूस हादरतो, आणि मग शेजारी, व्हॉट्सअ‍ॅप, वरच्या मजल्यावरचे काका, सगळ्यांना विचारून झाल्यावर आमची आठवण येते. असो. यावेळी सगळी पत्रं त्याच विषयावरची घेतलीयत. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न: वडिलांचं वय ७१, अन्ननलिकेचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. भूलतज्ज्ञ म्हणाले छातीच्या मागे पाठीत बारीक नळी टाकून ठेवू, तीन-चार दिवस दुखणार नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या काकांना पाठीत इंजेक्शन दिलं तेव्हा मोठं मशीन होतं, टीव्हीवर सुई दिसत होती. मी विचारलं इथे ते मशीन लावणार का, तर डॉक्टर हसून म्हणाले, "नाही हो, हातानेच करतो, रोजचं आहे." हाताने म्हणजे अंदाजानेच ना? आम्ही मशीनचा आग्रह धरायचा का? (मुलुंड)

उत्तर: तुमचा "अंदाजाने" हा शब्द मला जरा लागला कारण मीही गेली २२ वर्षं हातानेच करतेय, पण प्रश्न बरोबर आहे आणि डॉक्टरांनी हसण्यावारी न्यायला नको होता.

आधी तिथे आत काय आहे ते बघा. मान खाली घाला आणि मानेच्या तळाशी बोट ठेवा, सगळ्यात वर आलेलं जे हाड लागतं ते मानेचं सातवं. त्याच्या खाली छातीचे १२ मणके, बरगड्या ज्यांना जोडलेल्या असतात ते. खांद्याच्या फळीचं खालचं टोक साधारण सातव्याच्या समोर येतं, आम्ही तिथून मोजत वर-खाली जातो. आता कंबरेच्या मणक्यांची मागची टोकं आडवी असतात, दोन टोकांच्या मधून सुई सरळ आत जाते, लोकलच्या खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढावा तशी. छातीच्या मधल्या मणक्यांची टोकं मात्र खाली झुकलेली, एकावर एक चढलेली, कोकणातल्या घराच्या कौलांसारखी. कौलांच्या फटीतून काडी आत सरकवायची तर ती खालून वर तिरकीच धरावी लागते ना, तसंच इथे, म्हणून आम्ही बरेचदा मधल्या रेषेपासून सेंटीमीटरभर बाजूला सुई घालतो आणि वर-आत अशी वळवतो. कातडी, चरबी, स्नायू, मग मणक्यांना जोडणारा पिवळा पट्टा, त्याच्या पलीकडे एपिड्युरल जागा, नळी ठेवायची ती हीच, जी इथे जेमतेम ३ ते ५ मिलीमीटर असते, मग ड्युरा नावाचं आवरण, मग पाणी, आणि मग मज्जारज्जू. कंबरेत, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या कंबरेच्या मणक्याच्या खाली, मज्जारज्जू संपलेला असतो, तिथे नुसत्या नसा लोंबतात, सुई लागली तरी बाजूला सरकतात. छातीत तो अख्खा समोर असतो. म्हणून भीती.

मग हाताने कसं कळतं? सुईला तुओही म्हणतात, टोक थोडं वळलेलं आणि बोथटसर, अंगावर दर सेंटीमीटरला खूण. तिला मागे सलाईनची सिरिंज लावायची, उजवा अंगठा दट्ट्यावर, डाव्या हाताची मागची बाजू पेशंटच्या पाठीला टेकवून सुई पकडायची म्हणजे तो खोकला तरी हात त्याच्याबरोबर हलेल. पिवळ्या पट्ट्यात सुई असेपर्यंत दट्ट्या अजिबात दबत नाही, टणक रबरात घुसल्यासारखं लागतं, कधीकधी हलका करकर आवाज हाताला "ऐकू" येतो. आणि एका क्षणी अंगठ्याखालचा विरोध जातो, सलाईन सुळ्ळकन आत. थांबायचं. बस्स. एपिड्युरलची पद्धत स्पेनच्या फिदेल पाजेस नावाच्या लष्करी सर्जनने १९२१ साली लिहिली, हे विरोध-जाण्याचं तंत्र इटलीच्या डोग्लिओट्टीने १९३०च्या दशकात लोकप्रिय केलं, आणि आज शंभर वर्षांनी मुंबईतल्या बहुतेक ऑपरेशन थिएटरमधे, आमच्या भाषेत ओटीत, सकाळी आठ वाजता हेच चाललेलं असतं. तर हे अंदाजाचं काम नाहीये, पण ते फसतं, आणि कुठे फसतं ते सांगते.

एक म्हणजे लेव्हल. इंग्लंडमधे २००० साली छापून आलेल्या एका अभ्यासात भूलतज्ज्ञांना कंबरेचा मणका बोटाने ओळखायला सांगितला आणि मग एमआरआयशी ताडून बघितलं, तर बरोबर निघालं फक्त २९ टक्के वेळा. आणि कंबर तर सोपी. दुसरं म्हणजे खोटा "विरोध गेला", बाजूने सुई घालताना स्नायूंच्या मधल्या सैल जागेत पण दट्ट्या आत जातो आणि माणूस फसतो. छातीतल्या एपिड्युरलचं अपयश काही पाहण्यांमधे ३० टक्क्यांपर्यंत गेलंय, म्हणजे कुणी लकवा होऊन पडलं असं नाही, तर नळी होती पण दुखणं थांबलं नाही किंवा मधेच निघाली. अमेरिकेत २०१७ साली छापलेल्या साधारण १०० पेशंटच्या अभ्यासात हाताने घातलेली नळी ७४ टक्के लोकांत योग्य जागी होती आणि एक्स-रे बघत घातलेली ९८ टक्के. फरक छोटा नाही, मी तो लपवणार नाही.

मग सगळीकडे सी-आर्म, म्हणजे टीव्हीवर सुई दाखवणारं ते एक्स-रे मशीन, का नाही? कारण तो सी-आर्म बहुतेक ठिकाणी हाडांच्या डॉक्टरांच्या ओटीत असतो, दोन मजले खाली किंवा बाजूला, आणि सकाळी पहिल्या केसच्या आधी तो आमच्यासाठी मोकळा मिळणं म्हणजे ८.१२ च्या फास्टला विंडो सीट. शिवाय सी-आर्मसाठी टेबल वेगळं, पेशंटला पालथं झोपवायचं, सगळ्यांनी शिशाचे अ‍ॅप्रन चढवायचे, मग परत उठवून लाईनी घालायच्या. हाताने करताना वडील टेबलाच्या कडेला बसून उशी पोटाशी धरून कोळंबीसारखे वाकतील, जागे असतील, आणि सुईने पायात करंट आल्यासारखं झालं तर लगेच सांगू शकतील. ही जागेपणाची गोष्ट फार मोलाची आहे, छातीतली सुई मोठ्या माणसाला शक्यतो झोपवून घालत नाहीत ती याचसाठी.

तर आग्रह धरू नका, पण भूलतज्ज्ञांना शांतपणे विचारा की नळी घातल्यावर झोपवायच्या आधी बर्फ लावून बघणार ना, कुठपर्यंत थंड कळत नाही ते? आणि ती चाललीच नाही तर पुढे काय? याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असायला हवं, मणक्याच्या शेजारी देतात तो पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक, २०१६ पासून आलेला इरेक्टर स्पायनी ब्लॉक, किंवा मॉर्फिनचा पंप, काहीतरी. रात्री दोन वाजता नळी बघायला कोण येणार हेही विचारा, खरं तर हा प्रश्न मशीनपेक्षा मोठा आहे. मात्र वडिलांची पाठ वाकडी असेल, मणक्याचं आधी ऑपरेशन झालं असेल, वजन खूप असेल, किंवा मागे कुणीतरी अर्धा तास सुई टोचून सोडून दिलं असेल, तर मशीनचा विषय जरूर काढा, अशा पाठीला मी स्वतः सी-आर्म मागून घेते, भांडून.

प्रश्न: सोनोग्राफीत रेडिएशन नाही आणि मशीन आता लॅपटॉपएवढं झालंय. मग एक्स-रे कशाला, सोनोग्राफीनेच का नाही बघत सुई? (फिजिओथेरपीची विद्यार्थिनी, सायन)

उत्तर: बघतात की. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००८ सालीच सोनोग्राफी लावून एपिड्युरल घालायला हरकत नाही असं लिहून ठेवलंय. पण परत तीच कौलं. आवाजाची लाट हाडातून जात नाही, हाडामागे काळी सावली पडते, आणि छातीच्या मधल्या भागात दोन हाडांच्या मधे उरते ती सुरीच्या पात्याएवढी फट. प्रोब, म्हणजे अंगावर फिरवतात तो भाग, मधल्या रेषेच्या बाजूला उभा धरून थोडा आत कलवला तर त्या फटीत एक पांढरी रेघ दिसते, पिवळा पट्टा आणि ड्युरा दोन्ही मिळून, वेगवेगळे क्वचितच दिसतात. बारीक माणसात छान दिसते. ८० किलोच्या वर गेलं की मी डोळे बारीक करकरून बघते आणि शेजारी उभी असलेली रेसिडेंट म्हणते "हो मॅडम दिसतंय" आणि मला खात्री असते तिला काही दिसत नाहीये.

मला सोनोग्राफी उपयोगी वाटते ती सुई घालायच्या आधी. बाराव्या बरगडीपासून वर मोजत जायचं, हवा तो मणका पेनाने मार्क करायचा, पट्टा किती सेंटीमीटर आत आहे ते मोजायचं, मधली रेष कुठे आहे ते बघायचं, मग प्रोब बाजूला ठेवून नेहमीसारखं हाताने. जेल नीट पुसायला मात्र विसरू नका, पुढे कधी करणार असाल तर. चालू सुई सोनोग्राफीत बघत घालायची तर एका हातात प्रोब, एका हातात सुई, आणि दट्ट्यावर अंगठा कुणाचा? तिसरा हात लागतो.

आणि एक आपल्याकडचं कारण आहे जे बाहेरच्या पुस्तकात सापडणार नाही. सोनोग्राफी मशीन म्हटलं की गर्भलिंग निदानाचा कायदा आला, महाराष्ट्राने तो १९८८ साली देशात सगळ्यात आधी केला, मग केंद्राचा १९९४ चा. मशीनची नोंदणी, जागेची नोंदणी, वापरणाऱ्याची नोंदणी. समोर ७४ वर्षांचे आजोबा बसलेत आणि भिंतीवर "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" ही पाटी, हे दृश्य आमच्या ओटीत रोजचं. मी त्या कायद्याच्या बाजूची आहे, ज्या कारणासाठी तो आला ते कारण अजून संपलेलं नाही. पण त्यामुळे असं होतं की दादरला सकाळी, ठाण्याला दुपारी अशी फिरती प्रॅक्टिस करणारा भूलतज्ज्ञ स्वतःचं मशीन बॅगेत टाकून नेऊ शकत नाही, ज्या हॉस्पिटलने भूल विभागासाठी वेगळं मशीन रजिस्टर केलंय तिथेच ते मिळतं.

प्रश्न: आई ६८ वर्षांची. आठ महिन्यांपूर्वी उजव्या बाजूला छातीखाली नागीण झाली, फोड गेले पण आग गेली नाही, ब्लाऊजचा काठ लागला तरी ओरडते, पंख्याचा वारा सहन होत नाही. पेन क्लिनिकमधे सी-आर्मखाली पाठीत एपिड्युरल इंजेक्शन सुचवलंय. दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातलाय, क्लोपिडोग्रेल चालू आहे. नातेवाईक म्हणतात पाठीत इंजेक्शन घेतलं की पाय जातात. काय करू? (गिरगाव)

उत्तर: आधी क्लोपिडोग्रेल. ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना छातीच्या मणक्यात सुई घालत नाहीत, साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, पण तुम्ही स्वतः थांबवायची नाही, पेन क्लिनिकच्या डॉक्टरने सांगितलं तरी आधी हृदयाच्या डॉक्टरचा होकार घ्या, लेखी. स्टेंट असलेल्या माणसाची ही गोळी कुणीतरी फोनवर बंद करायला लावली आणि चार दिवसांनी हार्ट अ‍ॅटॅक, असं मी बघितलंय. सोबत आई ज्या बाकी गोळ्या घेते त्या सगळ्यांची पिशवी घेऊन जा, लसणाच्या आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूलसकट, "ते काय औषध नाही" म्हणून घरी ठेवू नका.

आता मशीन. वरच्या मुलुंडच्या पत्राला मी मशीनचा आग्रह धरू नका म्हटलं आणि तुम्हाला म्हणतेय की मशीनशिवाय हे इंजेक्शन घेऊच नका. काम वेगळं आहे. तिथे नळी तीन दिवस राहते, रोज बघता येते, चालली नाही तर काढता येते. इथे एकदाच, ठराविक नसेपाशी, तेही स्टेरॉइड, आणि टोचून झालं की परत काढता येत नाही. अमेरिकेच्या एफडीएने एप्रिल २०१४ मधे एपिड्युरल स्टेरॉइडबद्दल इशारा दिला तो याचसाठी, क्वचित पण भयंकर, दृष्टी जाणं, पक्षाघात असे प्रकार झाले होते. मज्जारज्जूला रक्त पुरवणारी एक मोठी धमनी छातीच्या खालच्या भागात, बहुतेक लोकांत डाव्या बाजूने, शिरते, तिच्यात कणवालं स्टेरॉइड गेलं तर कण अडकतात. म्हणून डॉक्टरांना विचारा कुठलं स्टेरॉइड देणार, डेक्सामेथासोनमधे असे कण नसतात.

आईला काय होईल ते सांगते म्हणजे ती घाबरणार नाही. पालथं झोपवतील, छातीखाली उशी. सी-आर्म म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारखा मोठा हात, तो तिच्याभोवती फिरतो, अंगाला लागत नाही. समोरून घेतलेल्या चित्रात सुई डावीकडे गेली की उजवीकडे ते कळतं, पण किती खोल गेली ते बिलकुल कळत नाही, हे लोकांना माहीत नसतं, टीव्हीवर सुई दिसतेय म्हणजे सगळं दिसतंय असं वाटतं. खोलीसाठी बाजूने किंवा तिरका फोटो घ्यावाच लागतो, छातीत बाजूच्या फोटोत बरगड्या सगळ्या एकमेकांवर येतात म्हणून बरेच जण तिरका पसंत करतात. आणि मज्जारज्जू तर एक्स-रेत दिसतच नाही, नुसती हाडं. म्हणून आधीचा एमआरआय कुणीतरी डोळ्याखालून घातलेला हवा, त्या लेव्हलला जागा आहे ना, गादी सरकून मज्जारज्जू दाबला गेलेला नाही ना. एमआरआय असेल तर फिल्म घेऊन जा, नुसता रिपोर्ट नको, आणि पावसात प्लास्टिकमधे न्या, ओली फिल्म एकमेकींना चिकटते आणि मग कुणी ती बघत नाही.

मग अंगठ्याखालचा विरोध गेला की डॉक्टर डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडतील, एक-दोन मिली. मला विचाराल तर सगळ्या प्रकारात बघण्यासारखी हीच गोष्ट. जागा बरोबर असेल तर डाय चरबीच्या मधून मधून पसरतो, जाळीदार, मधे फुगे असल्यासारखा, साबुदाण्याच्या पापडासारखा दिसतो. शिरेत गेला असेल तर दिसतो न दिसतो तोच वाहून गायब. ड्युराच्या आत, पाण्यात गेला असेल तर पातळ, एकसारखा पसरून मज्जारज्जूची कड दाखवतो, तसं दिसलं तर औषध द्यायचं नाही, त्या दिवशीचं काम तिथेच संपलं. सुई बरोबर असल्याचा खरा पुरावा सुईचा फोटो नसतो, डायचा असतो, तो फोटो सेव्ह करून फाईलला लावायला सांगा. आयोडीनच्या डायची अ‍ॅलर्जी आधी कधी आली असेल तर ते मात्र सांगा, किडनीचा त्रास असेल तर तोही.

पाय जाण्याबद्दल. ब्रिटनमधे २००६-०७ च्या सुमारास देशभर मोजणी झाली होती, वर्षाला सुमारे ७ लाख मणक्यातली इंजेक्शनं, त्यात कायमचं नुकसान सगळ्यात वाईट हिशेबाने लाखात ४.२. ऑपरेशनसाठी घातलेल्या एपिड्युरलचा आकडा जास्त होता, लाखात १७ च्या आसपास. ते आकडे आईच्या इंजेक्शनला जसेच्या तसे लागू नाहीत, पण नातेवाईकांच्या "पाय जातात"चं वजन कळावं म्हणून दिले. भीती पूर्ण खोटी नाही. म्हणून हे फ्रिजवर लिहून लावा: इंजेक्शननंतर औषधाचा बधिरपणा उतरायच्या ऐवजी वाढत चालला, पायातली ताकद कमी वाटली, लघवी अडकली, किंवा चार-सहा दिवसांनी ताप आणि पाठ ठणकायला लागली, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री कॅज्युअल्टी. आत रक्त साचलं असेल तर ते काढायला थोडे तासच असतात.

आणि फायदा होईल का? हे तुम्ही विचारलं नाहीत पण मी असते तर आधी हेच विचारलं असतं. नागिणीच्या पहिल्या काही आठवड्यांत हे इंजेक्शन जास्त उपयोगी पडतं. आठ महिन्यांनी काहींना काही आठवडे-महिने आराम पडतो, काहींना काहीच नाही. प्रीगॅबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, लिडोकेनचा पॅच हे नीट डोसमधे, पुरेसे दिवस देऊन झालंय का ते बघा, खूप जणांना गोळीने झोप येते म्हणून आठवड्यात बंद केलेली असते. पहिल्या इंजेक्शनने फरक पडला नाही तर तीनचं "पॅकेज" पूर्ण करायची गरज नाही. आणि ते नागिणीची शेपटी तोंडाला मिळाली की माणूस जातो वगैरे, आईला सांगा नागीण एका नसेच्या पट्ट्यात बसते आणि तो पट्टा शरीराच्या मधल्या रेषेपाशी थांबतो, शेपटी तोंडापर्यंत पोचायचा रस्ताच नाही.

प्रश्न: मी ओटीत सी-आर्म चालवतो, दिवसाला सात-आठ केसेस. अ‍ॅप्रन जड म्हणून काही जण घालत नाहीत, बॅज लॉकरमधे ठेवतात. मला किती धोका आहे? (चेंबूर)

उत्तर: बॅज लॉकरमधे ठेवला की लॉकरला किती रेडिएशन लागलं ते कळतं, लॉकर सुरक्षित आहे हे मी तुम्हाला बॅज न बघता सांगते. हे नियम बनवणारं एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, तुमच्या शेजारीच, अणुशक्तीनगरात आहे. रेडिएशनमधे काम करणाऱ्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. बॅज अ‍ॅप्रनच्या आत, छातीवर. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई होतो, म्हणून पेडल दाबायच्या आधी एक पाऊल मागे जाणं हे सगळ्यात स्वस्त संरक्षण. एक्स-रे सोडणारी ट्यूब टेबलाच्या खाली ठेवा, आणि डॉक्टरने पेडलवर पाय ठेवून गप्पा मारल्या तर तुम्ही बोला, शेवटचा फोटो स्क्रीनवर राहतोच की, सारखं चालू ठेवायची गरज काय. अ‍ॅप्रन घडी घालून ठेवू नका, आतलं शिसं चिरतं आणि बाहेरून कळत नाही. हँगरला लावा.

प्रश्न: १४ वर्षांपूर्वी सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं, तेव्हापासून कंबर दुखते. आता सोनोग्राफी करून बघू का सुई नीट घातली होती का? (वसई)

उत्तर: नाही, त्यात काही दिसणार नाही. ती सुई कंबरेत होती, टोचलेली जागा काही दिवस दुखते आणि बरी होते, वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीशी तिचा संबंध अभ्यासांत सापडलेला नाही. १४ वर्षांत मूल उचलणं, बादल्या, विरारच्या गर्दीत उभं राहून प्रवास, हे सगळं झालंय ना? फिजिओथेरपिस्टकडे जा.

प्रश्न: हायवेवर खड्ड्यात बाईक गेली, उजव्या चार बरगड्या मोडल्या. पाठीत एपिड्युरल नळी घातली तर डावी बाजू बधिर आणि उजवी, म्हणजे मोडलेली, तशीच दुखतेय. दुसऱ्या दिवशी नळी थोडी मागे ओढली तेव्हा बरं वाटलं. पहिल्या डॉक्टरने चुकीचं घातलं ना? तेव्हाच मशीनवर बघायला नको होतं का? (भांडुप)

उत्तर: चुकीचं घातलं असं नाही म्हणणार. सुई बरोबर जागी गेली तरी त्यातून जी मऊ नळी चार-पाच सेंटीमीटर आत सरकवतो ती आत कुठे वळेल ते आपल्या हातात नसतं, एका बाजूला जाते, कधी नस बाहेर पडते त्या भोकातून बाहेर डोकावते. थोडी मागे ओढली की बरेचदा सुधारते, तुमचं तसंच झालं. पण एक रात्र का गेली हा तुमचा राग मला कळतो, कारण ती रात्र मी एकदा दुसऱ्या बाजूने काढलीय.

बरीच वर्षं झाली, उपनगरातलं एक हॉस्पिटल, नाव नको. असाच बरगड्यांचा पेशंट, रात्री साडेदहाला मी नळी घातली. विरोध इतका सुरेख गेला की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. टेस्ट डोस ठीक, पंप लावला, घरी गेले. दीडला नर्सचा फोन, दुखतंय, मी म्हटलं रेट वाढवा. साडेतीनला परत, अजून वाढवा, नळी बरोबर आहे. सकाळी साडेसातला गेले तर माणूस घामाने भिजलेला, श्वास अर्धवट घेतोय, उशीची कड दातात धरलेली, आणि मी तरी बर्फ फिरवत म्हणतेय, "इथे थोडं कमी थंड लागतंय ना?" तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही म्हणत असाल तर लागतंय." माझ्या ज्युनिअरने हळूच विचारलं, "डाय टाकून एक फोटो घेऊ या का?" पोर्टेबल एक्स-रे वर आणला, नळीतून थोडा डाय सोडला. सगळा डाय मणक्याच्या बाहेर, बाजूच्या स्नायूत, लांबट ढग. नऊ तास मी स्नायूला औषध पाजत होते. नळी काढली, पुन्हा घातली, आणि वीस मिनिटांत तो माणूस खोकला, नीट, पोटातून, आणि स्वतःच दचकला.

तेव्हापासून माझा नियम आहे, अर्ध्या तासात बर्फाने बधिरपणा दाखवला नाही तर मी रेट वाढवत नाही, फोटो घेते किंवा नळी काढते. तुमच्या केसपेपरवर भुलीच्या पानावर नळी कातडीपाशी किती सेंटीमीटरवर आहे ते लिहिलेलं असेल, पहिल्या दिवशी किती आणि ओढल्यावर किती ते बघा, आणि नळी घातल्यावर बर्फाने तपासल्याची नोंद किती वाजताची आहे तेही. ती नोंद नसेलच तर तुमची तक्रार मशीनबद्दल करू नका, त्या नोंदीबद्दल करा.